सतरावा क्रमांक, तरीही चॅम्पियन्स लीग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

२०२४-२५ च्या मोसमापासून युरोपातील तिन्ही क्लब स्पर्धांनी (सर्वांत वरची चॅम्पियन्स लीग, तिच्याखाली युरोपा लीग आणि तिसरी कॉन्फरन्स लीग) जुनी गटसाखळी मोडीत काढली आणि प्रत्येक स्पर्धेत ३६ संघांचा एकच गुणतक्ता आणला. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या फुटबॉलविषयक पत्रांत खेळाडूंपेक्षा नियमांचीच विचारपूस अधिक असते. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : टॉटनहॅम हॉटस्पर २०२४-२५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये सतरावा आला, म्हणजे खालच्या श्रेणीत जाणाऱ्या तीन संघांच्या बरोबर वर. तरी पुढच्या मोसमात तो चॅम्पियन्स लीगमध्ये खेळतो आणि त्याच वेळी कितीतरी देशांचे राष्ट्रीय विजेते पात्रता फेरीतच गारद होतात. आमच्या शाहू स्टेडियमवर असा न्याय कोणी चालवून घेतला नसता. तिकडे तो कसा चालतो?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला राग रास्त आहे, पण तो चुकीच्या संघावर निघाला आहे. टॉटनहॅमने त्या मोसमात लीगमधील ३८ पैकी २२ सामने गमावले हे खरे. परंतु त्याच संघाने बिलबाओ येथे २१ मे २०२५ रोजी मँचेस्टर युनायटेडला १-० असे हरवून युरोपा लीग जिंकली, आणि युरोपा लीगच्या विजेत्याला पुढच्या चॅम्पियन्स लीगमध्ये स्थान देण्याचा नियम २०१५ पासून लागू आहे. युरोपभरच्या संघांना बाद करत करंडक उचलणाऱ्याला वरच्या स्पर्धेचे दार उघडावे, यात मला काही गैर दिसत नाही. (पराभूत मँचेस्टर युनायटेड स्वतः लीगमध्ये पंधरावा होता, हे निराळे.) आपल्याच लीगमध्ये चौथा-पाचवा आल्याबद्दल मिळणाऱ्या प्रवेशापेक्षा मैदानावर जिंकून मिळवलेला हा प्रवेश मला अधिक सरळ वाटतो.

खरी अडचण जागांच्या वाटणीत आहे. चॅम्पियन्स लीगच्या ३६ जागांपैकी २९ थेट भरल्या जातात. गुणांकानुसार, म्हणजे देशाच्या क्लबांच्या युरोपातील कामगिरीनुसार, पहिल्या चार देशांना प्रत्येकी चार, पाचव्याला तीन, सहाव्याला दोन आणि सातव्या ते दहाव्या देशाला प्रत्येकी एक जागा मिळते. चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीगच्या गतविजेत्यांना एकेक जागा असते आणि उरलेल्या दोन जागा बोनस म्हणून दोन देशांना दिल्या जातात. त्या बोनसविषयी पुढे लिहिले आहे. पात्रता फेऱ्यांतून फक्त सात संघ आत येतात आणि त्यांतही दोन जागा राष्ट्रीय विजेते नसलेल्या संघांसाठी राखीव असतात. याचा अर्थ असा, की पहिल्या दहा देशांबाहेरील चाळीसहून अधिक राष्ट्रीय विजेत्यांनी मिळून पाच जागांसाठी भांडायचे.

हे भांडण कसे असते, ते कझाकस्तानच्या कैराट अल्माटीच्या वाटचालीवरून कळेल. २०२५ च्या जुलैमध्ये या क्लबने पहिल्या पात्रता फेरीपासून सुरुवात केली. स्लोव्हेनियाचा ओलिंपिया लुब्लियाना, फिनलंडचा कुप्स आणि स्लोव्हाकियाचा स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा यांना मागे टाकून तो अखेरच्या फेरीत सेल्टिकसमोर उभा ठाकला, दोन्ही सामने ०-० असे सुटले आणि कैराट पेनल्टी शूटआऊटमध्ये जिंकला. म्हणजे मुख्य स्पर्धेत जेवढे साखळी सामने प्रत्येक संघाच्या वाट्याला येतात, तेवढेच आठ सामने या राष्ट्रीय विजेत्याला नुसते दाराशी पोहोचण्यासाठी खेळावे लागले. इंग्लंडमधील पाचव्या क्रमांकाच्या न्यूकॅसलला त्यासाठी एकही सामना खेळावा लागला नाही. आपला राग इथे वळवावा.

पूर्वी सारे शुद्ध होते आणि पैशाने ते बिघडवले, असे म्हणण्याची पद्धत आहे. तेही अर्धेच खरे आहे. ‘लेकीप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाच्या पुढाकाराने १९५५-५६ मध्ये युरोपियन कप सुरू झाला, तेव्हा त्यातील १६ संघ निमंत्रणाने आले होते. इंग्लंडचा विजेता चेल्सी तेथील फुटबॉल लीगच्या सांगण्यावरून घरीच राहिला, तर स्कॉटलंडमधून विजेता ॲबर्डीनऐवजी पाचव्या क्रमांकाचा हिबर्नियन गेला आणि थेट उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. पाचव्या क्रमांकाची परंपरा पहिल्याच वर्षाची आहे तर! त्यानंतर मात्र १९९६-९७ पर्यंत केवळ राष्ट्रीय विजेते आणि गतविजेता एवढेच संघ स्पर्धेत येत राहिले. १९९७-९८ मध्ये वरच्या आठ देशांच्या उपविजेत्यांना प्रवेश मिळाला आणि दोनच वर्षांत, १९९९ च्या अंतिम सामन्यात, मँचेस्टर युनायटेड आणि बायर्न म्युनिक हे आदल्या मोसमात आपापल्या देशात दुसरे आलेले संघ एकमेकांसमोर उभे होते. १९९९-२००० पासून बड्या देशांचे चार संघ येऊ शकले, आणि २०१८ पासून पहिल्या चार देशांचे चारही संघ कोणतीही पात्रता फेरी न खेळता थेट मुख्य स्पर्धेत जाऊ लागले.

जाता जाता एक गोष्ट. २०१२ मध्ये हाच टॉटनहॅम प्रीमियर लीगमध्ये चौथा येऊनही चॅम्पियन्स लीगला मुकला होता, कारण सहाव्या क्रमांकाच्या चेल्सीने म्युनिकमध्ये ती स्पर्धा जिंकली आणि तेव्हाच्या नियमानुसार इंग्लंडला पाचवी जागा मिळत नव्हती. उत्तर लंडनच्या त्या चाहत्यांना २०२५ मध्ये अपराधी वाटले असेल, असे मला वाटत नाही.

प्रश्न : नव्या पद्धतीला सगळे ‘स्विस’ म्हणतात. आम्ही सांगलीत बुद्धिबळाच्या स्पर्धा स्विस पद्धतीनेच खेळत आलो. हे तेच आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. १८९५ मध्ये झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत प्रथम वापरलेल्या त्या पद्धतीचा आत्मा असा, की प्रत्येक फेरीनंतर समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर बसवले जातात आणि पुढचा प्रतिस्पर्धी कोण, हे आधीच्या फेरीच्या निकालावर ठरते. चॅम्पियन्स लीगमध्ये आठही प्रतिस्पर्धी ऑगस्टअखेरच्या सोडतीतच ठरतात, कारण हजारो प्रेक्षकांची तिकिटे, पोलीस बंदोबस्त, विमानप्रवास आणि दूरचित्रवाणीचे वेळापत्रक दोन आठवड्यांच्या मुदतीवर जमवणे कोणालाही शक्य नाही. स्विस पद्धतीतून युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाने, घेतले ते एवढेच, की सर्वांनी सर्वांशी न खेळताही सर्वांचा एकच गुणतक्ता लागतो.

क्लबांच्या गुणांकानुसार सोडतीपुरते नऊ-नऊ संघांचे चार गट केले जातात आणि प्रत्येक संघाला प्रत्येक गटातून दोन प्रतिस्पर्धी मिळतात, एक घरच्या मैदानावर आणि एक बाहेर. आपल्याच देशाचा प्रतिस्पर्धी येणार नाही आणि कोणत्याही एका देशाचे दोनांपेक्षा अधिक येणार नाहीत, असे निर्बंध असल्यामुळे सोडत हाताने चिठ्ठ्या काढून पूर्ण करणे अव्यवहार्य ठरले आणि संगणकाची मदत घ्यावी लागली. कॉन्फरन्स लीगमध्ये सहा गट आणि सहाच सामने असतात.

प्रश्न : २०२४-२५ मध्ये साखळीत पहिल्या आलेल्या लिव्हरपूलला पंधराव्या आलेल्या पॅरिस सेंट-जर्मेनने बाद केले आणि पुढे करंडकही जिंकला. मग १४४ सामन्यांच्या त्या साखळीला अर्थ काय उरला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले उदाहरण नेमके आहे, पण त्यातून दोन वेगळ्या तक्रारी निघतात आणि त्यांतील एकच मला पटते.

पंधरावा संघ विजेता झाला, ही पहिली तक्रार मी मानत नाही. त्या गुणतक्त्यातील क्रमांक सर्वांनी सारख्याच परीक्षेत मिळवलेले नसतात. पॅरिसच्या वाट्याला आलेले आठ संघ होते मँचेस्टर सिटी, बायर्न म्युनिक, ॲटलेटिको माद्रिद, आर्सेनल, पीएसव्ही, साल्झबर्ग, गिरोना आणि स्टुटगार्ट. इतकी कठीण सोडत मोजक्याच संघांना लागली होती. साखळीतील पहिले आठ संघ थेट बाद फेरीत जातात, नववा ते चोविसावा प्ले-ऑफ खेळतात आणि बाकीचे बाहेर पडतात. जानेवारीत सिटीविरुद्धचा सामना सुरू झाला तेव्हा पॅरिस पहिल्या २४ मध्येही नव्हता. ०-२ अशी पिछाडी भरून काढून तो ४-२ असा जिंकला. त्यानंतर प्ले-ऑफमध्ये त्याने ब्रेस्टला एकूण १०-० असे धुऊन काढले आणि म्युनिकच्या अंतिम सामन्यात इंटर मिलानचा ५-० असा धुव्वा उडवला. हा संघ मुळात पंधरावा नव्हताच. आठ सामन्यांचा गुणतक्ता त्याला तेवढ्या वेळात ओळखू शकला नाही, इतकेच.

दुसरी तक्रार लिव्हरपूलच्या बाजूची आहे आणि ती खरी आहे. आठपैकी सात सामने जिंकून पहिल्या आलेल्या संघाला बक्षीस काय मिळाले, तर प्ले-ऑफचे दोन सामने टळले आणि पंधराव्या ते अठराव्या क्रमांकांतून येणारा प्रतिस्पर्धी ठरला. त्या मोसमात तो प्रतिस्पर्धी पॅरिस निघाला. लिव्हरपूल पॅरिसमध्ये १-० असा जिंकला, ॲनफील्डवर तितक्याच फरकाने हरला आणि पेनल्टींवर बाहेर पडला. युएफाने २०२५-२६ पासून थोडी डागडुजी केली आहे : पहिल्या चारांत येणाऱ्या संघांना उपान्त्यपूर्व फेरीत आणि पहिल्या दोघांना उपान्त्य फेरीतही परतीचा सामना घरच्या मैदानावर मिळेल. योग्यच, पण पुरेसे नव्हे.

माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. जुन्या पद्धतीत साखळीचे ९६ सामने होऊन ३२ पैकी निम्मे संघ स्पर्धेबाहेर पडत. आता १४४ सामने होतात आणि ३६ पैकी फक्त १२ बाहेर पडतात. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरात बडा संघ हरला तरी कोणाच्या पोटात गोळा येत नाही. शेवटची रात्र मात्र, हे कबूल केले पाहिजे, विलक्षण असते. २९ जानेवारी २०२५ रोजी १८ सामने एकाच वेळी खेळले गेले, सिटी मध्यंतरापर्यंत स्पर्धेबाहेर जाण्याच्या बेतात होती, आणि ११ गुणांवर क्लब ब्रुज २४ वा राहून आत गेला, तर तेवढ्याच गुणांवर डिनामो झाग्रेब गोलफरकामुळे २५ वा राहून बाहेर पडला. गटसाखळीच्या काळात डिसेंबरमधले शेवटचे सामने किती निर्जीव असत, हे ज्यांना आठवते ते या बदलाला सरसकट नावे ठेवणार नाहीत.

प्रश्न : देशाचा गुणांक म्हणजे नेमके काय आणि त्यावरून पाचवी जागा कशी मिळते?
– मुंबई आणि ठाणे येथील काही वाचक

उत्तर : एखाद्या देशाच्या सर्व क्लबांनी तिन्ही युरोपीय स्पर्धांत मिळून विजयाचे दोन आणि बरोबरीचा एक याप्रमाणे जे गुण कमावले (पात्रता फेऱ्यांत त्याच्या निम्मे), त्यांत पुढच्या फेऱ्या गाठल्याचे बोनस गुण मिळवायचे आणि बेरजेला त्या देशाच्या सहभागी क्लबांच्या संख्येने भागायचे. हा झाला एका मोसमाचा गुणांक. अशा पाच मोसमांच्या बेरजेवरून देशांचा क्रम लागतो आणि जागा वाटल्या जातात. दोन बोनस जागांसाठी मात्र फक्त आदल्या एका मोसमाचा गुणांक पाहिला जातो. २०२३-२४ च्या कामगिरीवर त्या इटली आणि जर्मनीला मिळाल्या, म्हणून पाचवे आलेले बोलोन्या आणि बोरुसिया डॉर्टमंड आत गेले. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि स्पेनला मिळाल्या, म्हणून न्यूकॅसल आणि व्हिलारेयाल.

वरकरणी हे कामगिरीचे बक्षीस आहे. आत डोकावले तर फट दिसते. विजयाचे दोन गुण कोणत्या स्पर्धेत मिळाले याला फारसे महत्त्व नाही; वरच्या स्पर्धेत बोनस अधिक असतो, पण मूळ गुण सारखेच. २०२४-२५ मध्ये चेल्सी कॉन्फरन्स लीगमध्ये खेळली. दुबळ्या देशांच्या क्लबांना युरोपचा अनुभव मिळावा म्हणून २०२१ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा. चेल्सीने साखळीतील सहाही सामने जिंकले आणि व्रोत्सवाफच्या अंतिम सामन्यात रेयाल बेटिसला ४-१ असे हरवले. त्या विजयांचे गुण इंग्लंडच्या खात्यात जमा झाले आणि त्यांनी न्यूकॅसलसाठी चॅम्पियन्स लीगची जागा मिळवायला मदत केली. टॉटनहॅमची जागा धरून २०२५-२६ मध्ये इंग्लंडचे सहा क्लब चॅम्पियन्स लीगमध्ये आले, आणि २० संघांच्या लीगमधील एकूण नऊ संघ युरोपात खेळू लागले.

ज्याचे संघ अधिक, त्याची कमाई अधिक. कमाई अधिक म्हणून खेळाडू चांगले. खेळाडू चांगले म्हणून गुणांक वरचा आणि पुन्हा जागा अधिक. २०२४-२५ मध्ये चॅम्पियन्स लीगमधील क्लबांना सुमारे २४६ कोटी ७० लाख युरो वाटले गेले, कॉन्फरन्स लीगमधील क्लबांना २८ कोटी ५० लाख. शिवाय चॅम्पियन्स लीगच्या रकमेतील ३५ टक्के वाटा देशाच्या प्रक्षेपण बाजारपेठेवर आणि क्लबच्या मागील कामगिरीवर ठरतो. १९९५ मध्ये अयाक्सने स्पर्धा जिंकली. त्यानंतर इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी आणि फ्रान्स या पाच देशांबाहेरच्या एकाच क्लबने तो करंडक उचलला आहे, २००४ मध्ये पोर्तोने.

प्रश्न : मग लहान देशांच्या विजेत्यांना अधिक जागा दिल्या की तिथला फुटबॉल सुधारेल, असेच ना?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : इतके सरळ नाही. बल्गेरियात लुडोगोरेत्सने २०१२ ते २०२५ अशी सलग १४ विजेतेपदे मिळवली, बेलारूसमध्ये बाटे बोरिसोव्हने २००६ ते २०१८ अशी सलग १३. लहान देशात एका क्लबला एकदा चॅम्पियन्स लीगचे पैसे मिळाले की त्याच्या जवळपास कोणी फिरकत नाही, कारण २०२४-२५ मध्ये केवळ मुख्य फेरीत पाय ठेवल्याचे १ कोटी ८६ लाख युरो मिळत होते आणि अशा लीगमधल्या इतर क्लबांचे वार्षिक अंदाजपत्रक त्याच्या आसपासही नसते. म्हणून जागा वाढवायच्या तर स्पर्धेत नसलेल्या क्लबांचा वाटाही वाढवावा लागेल. तो नव्या करारात ४ वरून ७ टक्क्यांवर नेला आहे. दिशा बरोबर आहे, पाऊल लहान आहे.

प्रश्न : २०२१ च्या सुपर लीगच्या बंडाला उत्तर म्हणून हे बदल झाले, असे वाचले. खरे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : उलटे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. १८ एप्रिल २०२१ च्या रात्री इंग्लंडचे सहा, स्पेनचे तीन आणि इटलीचे तीन अशा १२ क्लबांनी सुपर लीग या आपल्या स्वतंत्र स्पर्धेची घोषणा केली, तेव्हा ३६ संघांची योजना तयार होती आणि दुसऱ्याच दिवशी युएफाची कार्यकारी समिती तिला मंजुरी देणार होती. तशी ती दिलीही. त्या योजनेच्या आखणीत ज्यांचा मोठा हात होता, ते युव्हेंटसचे अध्यक्ष आणि युरोपियन क्लब असोसिएशनचे प्रमुख आंद्रेया आन्येल्ली एका रात्रीत असोसिएशन सोडून सुपर लीगचे उपाध्यक्ष झाले. अटलांटासारख्या क्लबने केवळ एका चांगल्या मोसमाच्या बळावर चॅम्पियन्स लीगमध्ये यावे का, असा प्रश्न त्यांनीच वर्षभरापूर्वी जाहीरपणे उपस्थित केला होता. अटलांटाने २०२४ मध्ये युरोपा लीग जिंकून त्याला परस्पर उत्तर दिले.

सुपर लीगमध्ये १५ क्लब कायमचे असणार होते आणि केवळ पाचांना पात्र ठरावे लागणार होते. लंडनमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर चाहते रस्त्यावर उतरले, इंग्लंडचे सहाही क्लब दोन दिवसांत माघारी फिरले आणि डोलारा कोसळला. पण युएफाच्या स्वतःच्या योजनेतही त्या कल्पनेचा एक अंश शिल्लक होताच : दोन जागा अशा क्लबांना, जे आपल्या लीगमधून पात्र ठरले नाहीत, पण ज्यांचा जुना इतिहास मोठा आहे. ती तरतूद मे २०२२ मध्ये व्हिएन्ना येथे रद्द झाली, साखळीचे सामने दहावरून आठ झाले आणि त्या दोन जागांची आजची बोनस पद्धत ठरली. चाहत्यांच्या रेट्याने जे काही मिळाले, ते हे. मला ते लहान वाटत नाही.

बड्यांची धमकी आणि युएफाची तडजोड हा खेळ मात्र जुना आहे. १९९८ मध्ये मिलानमधील मीडिया पार्टनर्स या कंपनीने स्वतंत्र लीगचा प्रस्ताव बड्या क्लबांपुढे ठेवला आणि पुढच्याच मोसमात चॅम्पियन्स लीग ३२ संघांची झाली, दोन-दोन गटसाखळ्या आल्या आणि राष्ट्रीय चषकांच्या विजेत्यांची कप विनर्स कप ही स्वतंत्र स्पर्धा बंद पडली. तिचा शेवटचा अंतिम सामना १९९९ मध्ये व्हिला पार्कवर लाझिओने मायोर्काविरुद्ध जिंकला. सुधारणा म्हणून जे काही आले, त्यातील बहुतेक गोष्टी कोणीतरी दार आपटून निघून जाण्याची भीती दाखवल्यावर आल्या आहेत. युरोपीय न्यायालयाने २१ डिसेंबर २०२३ रोजी युएफाची पूर्वपरवानगीची नियमावली स्पर्धा कायद्याविरुद्ध ठरवली, त्यामुळे ती भीती यापुढेही दाखवली जाईल.

प्रश्न : प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलाचा नियम का काढला?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन सामन्यांतील गोलांची बेरीज समान झाली तर परक्या मैदानावर अधिक गोल करणारा संघ पुढे जाई, असा तो नियम. १९६५ मध्ये तो आला तेव्हा परक्या मैदानावर संघ केवळ बचाव करत आणि बरोबरी सुटावी म्हणून तिसरा सामना खेळवावा लागे. पुढे प्रवास सोपा झाला, मैदाने सारखी झाली आणि त्या नियमाने घरचा संघच बचावात्मक खेळू लागला. २०२१ पासून तो रद्द झाला. २००३ च्या उपान्त्य फेरीत एसी मिलान आणि इंटर यांचे दोन्ही सामने सान सिरो या एकाच मैदानावर झाले, ०-० आणि १-१ असे सुटले, आणि मिलान ‘बाहेरच्या’ गोलावर अंतिम फेरीत गेला. एवढे एक उदाहरण मला पुरेसे वाटते.

प्रश्न : मी लंडनच्या क्रॉयडन भागात राहतो. आमच्या क्रिस्टल पॅलेसने मे २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला, म्हणजे युरोपा लीगची जागा कमावली. तरी आम्हांला कॉन्फरन्स लीगमध्ये ढकलले. हा अन्याय नव्हे का?
– एक वाचक, लंडन

उत्तर : नियमाप्रमाणे नाही. एकाच मालकाचे निर्णायक वजन असलेले दोन क्लब एका स्पर्धेत खेळू नयेत, हा नियम आवश्यक आहे, कारण दोघे समोरासमोर आले तर निकालावर विश्वास कोण ठेवणार? जॉन टेक्स्टर यांच्या कंपनीकडे फ्रान्सच्या ल्योंची मालकी होती आणि पॅलेसमध्येही मोठा हिस्सा होता. १ मार्च २०२५ या मुदतीपर्यंत त्याची फेररचना झालेली नव्हती. अशा वेळी आपल्या लीगमध्ये वरचा क्रमांक असलेला क्लब राहतो. ल्यों सहावा होता, पॅलेस बारावा. क्रीडा लवादानेही ऑगस्टमध्ये पॅलेसचे अपील फेटाळले आणि युरोपा लीगची जागा नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेली.

तरीही एक गोष्ट सलते. मुदत मार्चची, आणि पॅलेसने कप जिंकला मेमध्ये. मार्चमध्ये युरोपची आशा नसलेला मध्यम क्लब त्या तारखेकडे लक्ष देत नाही. अनेक क्लबांची मालकी सांभाळणारे मोठे उद्योगसमूह मात्र वकिलांच्या मदतीने वेळेत एका क्लबचे नियंत्रण विश्वस्तांकडे सोपवून मोकळे होतात. नियम दोघांना सारखाच आहे, पण तो पाळण्याची ऐपत सारखी नाही. मुदत मोसमाच्या अखेरीस ठेवली असती तर आपला क्लब कदाचित वाचला असता.

प्रश्न : आशियातही युरोपसारखेच बदल झाले. त्याने आपल्या क्लबांचे भले झाले की नुकसान?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : तूर्त नुकसान, असे म्हणावे लागेल. २०२१ मध्ये एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला आणि आपल्या फातोर्ड्यावर त्याने अल रय्यानला ०-० असे रोखले. पुढच्या वर्षी मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा पहिला विजय मिळवला. २०२४ पासून आशियाई महासंघाने स्पर्धेच्या तीन पायऱ्या केल्या. सर्वांत वरच्या, २४ संघांनी सुरू झालेल्या ‘एलिट’ स्पर्धेत भारताला जागा नाही. आपले क्लब मुख्यतः दुसऱ्या पायरीवर खेळत आले. ऑगस्ट २०२५ मध्ये एफसी गोव्याने ओमानच्या अल सीबला २-१ असे हरवून त्या पायरीवरची जागा मिळवली आणि ऑक्टोबरमध्ये अल नस्रला घरी अटीतटीची लढत देत १-२ असा पराभव पत्करला. दुसऱ्या पायरीवर चुरशीचे सामने मिळतात, हा फायदा कमी लेखू नये. मुंबई सिटीने २०२३ मध्ये वरच्या पायरीवर सहाही सामने गमावले होते.

प्रश्न : सध्याची प्रवेशपद्धत २०२७ पर्यंतच आहे. त्यानंतर काय बदलावे, असे आपल्याला वाटते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : माझ्या मते हात लावायचा तो आधी प्रवेशाला. दोन बोनस जागा काढून विजेत्यांच्या पात्रता मार्गाला द्याव्यात, म्हणजे तेथे पाचऐवजी सात जागा होतील. गुणांक काढताना कॉन्फरन्स लीगमधील विजयाला चॅम्पियन्स लीगमधील विजयाइतके वजन देऊ नये. अयाक्ससारखा क्लब २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत शेवटच्या मिनिटाला हरला, त्याच मोसमात देशाचा विजेता झाला आणि तरीही तीन महिन्यांच्या आत त्याला पुढच्या स्पर्धेच्या पात्रता फेऱ्या खेळाव्या लागल्या. निदान आदल्या मोसमातील उपान्त्य फेरीचे संघ राष्ट्रीय विजेते असतील तर त्यांना थेट प्रवेश असावा.

साखळीबाबत एवढेच, की पहिल्या १६ संघांनी थेट बाद फेरीत जावे आणि प्ले-ऑफ रद्द व्हावेत. त्याने १६ सामने वाचतील आणि सप्टेंबरमधला पराभवही झोंबेल. याची किंमतही सांगतो : २०२४-२५ मध्ये हा नियम असता तर पंधरावा पॅरिस आत राहिला असता, पण २२ वी मँचेस्टर सिटी जानेवारीतच घरी गेली असती आणि तिचे रेयाल माद्रिदविरुद्धचे दोन सामने झालेच नसते. २४ व्या क्रमांकाच्या क्लब ब्रुजने नवव्या अटलांटाला दोन्ही सामन्यांत हरवले, तेही घडले नसते. प्रक्षेपणाचे हक्क विकणाऱ्यांना यातील पहिले नुकसान परवडणार नाही. मला दुसऱ्याचे अधिक वाईट वाटेल.